ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

कोल्हापुरात आमच्या केंद्रात दर रविवारी सकाळी सल्ल्याचं काम चालतं. पोटगी, मारहाण, घरातून हाकलून देणं, रेशनकार्डावरून कमी केलेलं नाव, हे नेहमीचे विषय. गेली दोन वर्षं त्याच बाकावर आणखी एक रांग बसू लागली आहे. बारावी झालेल्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, तर काही लग्न होऊन पोरंबाळं झालेल्या. या सगळ्यांना वकील व्हायचं आहे. कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी त्या मोबाईलवरच्या ऑनलाइन क्लासमधून करतात. आल्या की बहुतेकींचं पहिलं वाक्य एकच असतं : "ताई, त्ये आत जाऊच देईना झालंय."

मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. माझं निम्मं आयुष्य अर्ज लिहिण्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात गेलं. पण मुली समोर बसल्या म्हणून शिकले. मोबाईलची जागा भरली की ॲप बंद पडतं. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की सराव परीक्षेचं घड्याळ मध्येच थांबतं. जुना ब्राउझर असला की मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. एकाच खात्यावर दुसऱ्या मोबाईलवरून कुणी शिरलं की पहिली आपोआप बाहेर फेकली जाते. या सगळ्यावर उपाय आहेत आणि ते पाच-दहा मिनिटांत होतात.

मग एका रविवारी आम्ही वही घातली. कोण आली, काय अडलं, कसं सुटलं, एवढंच लिहायचं. तीन-चार महिन्यांनी वही वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की यंत्राचा दोष असलेल्या नोंदी थोड्याच आहेत. बाकीच्या नोंदी वेगळंच काही सांगत होत्या.

राधानगरीकडची एक मुलगी. तिचं खातं वडिलांच्या नंबरावर. आत शिरायचं तर ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार. "पप्पा रानात गेल्यात, संध्याकाळी येत्यात. तवर काय करू?" इचलकरंजीची एक. आई कांड्या भरते, घरात एकच चांगला मोबाईल, तो भावाकडे. भाऊ त्याच खात्यावर बारावीचे व्हिडिओ बघतो, म्हणून हिची परीक्षा मध्येच तुटते. कागल तालुक्यातली एक सून. "मी रात्री भांडी आवरून अकराला बसतो. पण मालकांना सकाळी लवकर उठायचं असतंय, मोबाईल त्यांच्या उशाला." आणखी एकीच्या दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. तिचा अर्ज पुढे सरकत नव्हता आणि पडद्यावर फक्त 'माहिती जुळत नाही' असं येत होतं.

मैत्रिणींनो, या तक्रारींना क्लासवाल्यांच्या मदतकेंद्रात 'लॉगिनची अडचण' म्हणतात. मला त्यात आपला जुनाच प्रश्न दिसतो. घरातली वस्तू कुणाच्या मालकीची, वेळ कुणाचा, आणि बाईचं नाव नेमकं कोणतं? पूर्वी उंबऱ्याबाहेर पडायला परवानगी लागायची. आता उंबऱ्याच्या आत बसून शिकायलाही सहा आकड्यांची परवानगी लागते, आणि ते सहा आकडे दुसऱ्याच्या खिशात असतात.

हे आमच्या एका वहीपुरतं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांनी सांगितलं, की स्वतः वापरता येईल असा मोबाईल आपल्याजवळ आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. दर तीन बायकांपैकी दोघींनी तोपर्यंत इंटरनेटला हातही लावला नव्हता. त्यानंतर मोबाईल वाढले असतील, पण ऑनलाइन शिक्षण आखणारी माणसं आजही असंच धरून चालतात, की एक विद्यार्थी म्हणजे एक मोबाईल, एक नंबर, एक खोली आणि एक निवांत संध्याकाळ. असा विद्यार्थी बहुतेक वेळा मुलगा असतो.

आमच्यातल्याच एका जुन्या कार्यकर्तीने बैठकीत विचारलं, "आपण संघटना आहोत का सायबर कॅफे? पासवर्ड बदलून देणं हे काय चळवळीचं काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

वकिलीचं दार बायकांसाठी सहज उघडलेलं नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र त्यांच्या हातात पडली १९२२ मध्ये, कारण परीक्षा दिली तेव्हा ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. आणि हिंदुस्थानात बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. म्हणजे परीक्षा देऊनही तीस वर्षं ही बाई दाराबाहेर होती. अडवणारं कारण कधीच तिच्या बुद्धीत नव्हतं, ते नियमात होतं. आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी दलितांना वकिलीच्या सनदा दिल्या, आणि १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. त्या मातीत राहून आपण असं म्हणायचं का, की दार उघडण्याचं काम आपलं नाही?

दुसरं कारण आजचं आहे. चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या बाईला आता अपिलासाठी मुंबई गाठायला नको. पण कोर्ट जवळ आलं म्हणजे न्याय जवळ आला असं होत नाही. त्या बाईच्या बाजूने तिथे उभं कोण राहणार? राधानगरीची, गडहिंग्लजची, चंदगडची मुलगी त्या काळ्या कोटात दिसायला हवी असेल, तर तिला आधी प्रवेश परीक्षेच्या पडद्यातून पलीकडे जायला हवं.

२०१६ पासून महाराष्ट्रात कायद्याच्या तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षाची सामायिक परीक्षा आहे. परीक्षा संगणकावर होते. प्रश्न मराठीतूनही असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, या आपल्या मुलींच्या सोयीच्या गोष्टी. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. पण ही माफी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्या मुलीला. म्हणजे फी माफ झाली तरी वाट ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन परीक्षा, ऑनलाइन पसंतीक्रम अशीच जाते. ज्या मुलीचा ओटीपी वेळेत आला नाही, तिला माफ झालेल्या फीचा उपयोग काय?

इथे २०१८ ची एक गोष्ट सांगायला हवी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा तेव्हा संगणकावर होत असे. त्या वर्षी १३ मे रोजी पन्नास हजारांहून अधिक मुलामुलींनी ती दिली. अनेक केंद्रांवर संगणक अडकले, वीज गेली, उत्तरं देता येईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कुणाचा किती वेळ वाया गेला, त्याच्या प्रमाणात गुण वाढवून देण्याचं सूत्र न्यायालयाने जूनमध्ये मान्य केलं. पुढच्या वर्षी ती परीक्षा पुन्हा कागदावर गेली. मला या प्रकरणातलं एक तत्त्व महत्त्वाचं वाटतं : यंत्राने खाल्लेला वेळ हा परीक्षार्थीचा दोष नाही, त्याची भरपाई द्यावी लागते.

पण तिथे भरपाई मिळाली ती मोजता आलेल्या वेळेची. संगणक किती वेळ बंद होता याची नोंद यंत्राकडे होती. भावाचा व्हिडिओ संपेपर्यंत थांबलेल्या मुलीचा वेळ कोणत्या यंत्रात नोंदला जातो? वडील रानातून येईपर्यंतचा? भांडी आवरेपर्यंतचा? वर्षभरात असे कितीतरी तास जातात. मग निकाल लागतो आणि घरचे म्हणतात, "आम्ही क्लासचे पैसे भरले होते, हिलाच जमलं नाही." मुलगीही तेच म्हणते. आमच्या बाकावर बसून "मलाच कळत नाही ओ ताई" म्हणणाऱ्या मुलींची समजूत काढताना मला मार खाऊन "माझंच चुकलं असेल" म्हणणाऱ्या बायका आठवतात.

शिकवण्याच्या मजकुराबद्दलही बोललं पाहिजे. एका क्लासच्या ॲपवर मराठी निवडलं की यंत्राने केलेलं भाषांतर समोर येतं. करारातल्या 'प्रतिफल'ऐवजी 'विचार' छापलेलं, आणि कायद्यातली 'अज्ञान' व्यक्ती झाली होती 'किरकोळ' व्यक्ती. मुलगी तासभर डोकं धरून बसली होती, की किरकोळ माणसाने केलेला करार रद्द का होतो! त्याच ॲपवर नवऱ्याच्या क्रूरतेचं कलम अजून ४९८ अ असंच पाठ करून घेत होते. १९८३ मध्ये आलेलं ते कलम आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलं आहे, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो गुन्हा आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. ही चूक यंत्राच्या दुरुस्तीने सुटणारी नाही. त्यासाठी कायदा माहीत असलेली बाई शेजारी बसलेली लागते. आणि अशा बाया आपल्याकडे आहेत.

मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. चंदगडच्या मुलीला पूर्वी क्लास म्हणजे पुण्यात खोली घेणं, आणि मुलीला पुण्यात ठेवायला घरचे तयार नसत. आज ती गावात बसून तोच धडा ऐकते. लेकरू मांडीवर घेऊन ऐकते. हे मोठंच आहे. म्हणून तर त्या दाराची कडी आतून तिच्या हाताला लागली पाहिजे.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. पहिलं, मुलीच्या स्वतःच्या नावावर सिमकार्ड. यासाठी दोन घरी जाऊन आईबापांशी बोलावं लागलं, एका घरी भांडण झालं. दुसरं, अर्जाचे दिवस येण्याच्या कितीतरी आधी दाखला, आधार, बँक यांवरची नावं एकसारखी करून घेणं. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे आधी बघा. तिसरं, केंद्रात देणगीतून घेतलेले दोन जुने संगणक. मोबाईलवर बोटाने सराव केलेली मुलगी परीक्षेत माऊस हातात आला की बावरते. उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबताच दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली की अशा बहुतेक परीक्षांत ते उत्तर जमा होत नाही. हे एकदा हाताने करून पाहिलं की विसरत नाही. चौथं, रविवारी दोन तास अखंड सराव परीक्षा, आणि त्या दोन तासांत कुणालाही घरून फोन नाही. एक आई पोचवायला आली होती, ती नंतर म्हणाली, "एवढा वेळ हिला कुणी हाक मारली नाही, असं आज पहिल्यांदाच झालं असंल."

मागण्याही करायला हव्यात. ओटीपीखेरीज आत शिरण्याचा दुसरा मार्ग प्रत्येक क्लासने आणि सरकारी संकेतस्थळाने द्यावा. तुटलेली सराव परीक्षा जिथे तुटली तिथून आणि उरलेल्या वेळेसह पुढे चालू व्हावी. मराठी मजकूर कायदा जाणणाऱ्या माणसाने तपासावा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा अर्ज नुसता 'जुळत नाही' म्हणून अडवू नये, काय जोडायचं ते तिथेच लिहावं. आणि तालुक्याच्या वाचनालयात अर्जाच्या आणि परीक्षेच्या हंगामात मुलींसाठी संगणक राखून ठेवावेत.

आपल्या गावोगावच्या गटांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारून बघा : तुझ्या शिक्षणाचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? उत्तरं लिहून काढा. आमच्या वहीची शेवटची नोंद त्या राधानगरीच्या मुलीची आहे. यंदा ती आली ती तक्रार घेऊन नव्हे, तर दुसऱ्या एका मुलीला घेऊन. "ताई, हिला आधी सिम काढून द्यायचं," म्हणाली, "बाकीचं मी शिकवतो."