दंड पुढे करण्याआधी

२६ ऑगस्ट २०२० रोजी, कात्रजच्या अलीकडे सातारा रस्त्यावर असलेल्या भारती रुग्णालयात दोन स्वयंसेवकांनी कोव्हिशिल्डच्या चाचणीसाठी दंड पुढे केले. ते धाडस होते, पण आंधळे नव्हते. ती लस आधी उंदरांना, माकडांना आणि ब्रिटनमधल्या माणसांनाही टोचून पाहिलेली होती.

तरीही हल्ली आग्रहाने म्हटले जाते, की प्राण्यांचे शरीर वेगळे, त्या चाचण्यांत वर्षे आणि पैसा वाया जातो. औषध थेट माणसांवर तपासावे, दोष असेल तर कळेलच.

यातला पहिला मुद्दा खरा आहे. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे माकडांना मानवलेले औषध सहा निरोगी तरुणांना दिले आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले.

पण 'दोष कळेलच' हे साफ चूक आहे. टर्फेनाडिन ही शिंका थांबवणारी साधी गोळी. १९८५ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारात आली. यकृत तिचे चटकन रूपांतर करते. सोबत बुरशीवरचे किटोकोनाझोल घेतले, की हे रूपांतर अडते. मूळ औषध रक्तात साचते आणि हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट बुजवते. ईसीजीवरचे क्यूटी अंतर लांबते, ठोके बिघडतात, माणूस दगावतो. चाचण्यांत निसटलेला हा दोष असंख्य लोकांनी गोळी घेतल्यावर उघड झाला. १९९८ मध्ये ती तिथे बंद झाली. सिसाप्राइड या दुसऱ्या औषधानेही हृदयाला असाच धोका निर्माण केला. अमेरिकेत त्याची सर्रास विक्री २००० मध्ये थांबली, भारतात बंदी यायला २०११ उजाडले.

हा दोष आज प्रयोगशाळेतच पकडता येतो. पोटॅशियमची ती वाट घडवणारे माणसाचे जनुक घातलेल्या एका पेशीला काचेच्या बारीक नळीचे टोक चिकटवतात आणि त्या वाटेतला विद्युतप्रवाह मोजतात. औषधाने तो घटला, की धोक्याची सूचना मिळते. माणसाला पहिला डोस देण्याआधी हृदय, श्वसन आणि मज्जासंस्था यांवरचा औषधाचा परिणाम तपासा, हा आंतरराष्ट्रीय दंडक याचसाठी आहे. भारताच्या नियमांनीही २०२३ पासून मानवी पेशी आणि चिपवरचे अवयव यांना वाट मोकळी केली. प्राण्यांवरचे प्रयोग जरूर घटवावेत; तपासणीत मात्र एकही प्रश्न गाळू नये.

उद्या तुमच्यापुढे चाचणीचे संमतीपत्र आले, तर सहीआधी विचारा: हे औषध माझ्या हृदयाचे, श्वासाचे, मेंदूचे काय करते, हे तपासले आहे का? तो तुमचा हक्क आहे. उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.