विश्लेषण : उपनगरातल्या कोंडीत राबणाऱ्या घरच्या दुचाकीला इंजिन ऑइल कोणते? महागडे की योग्य?

सकाळी मुलाला शाळेत सोडायचे, तिथून साकीनाक्याच्या कोंडीतून कामावर जायचे, संध्याकाळी स्टेशनवरून कुणाला तरी आणायचे आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी डबलसीट माळशेज घाट गाठायचा. मुंबईच्या उपनगरांत अनेक घरांत ही सगळी कामे एकच दुचाकी करते. तिच्या इंजिनात काय ओतायचे हा निर्णय मात्र ‘चांगलं ऑइल टाका’ एवढ्या तीन शब्दांत गॅरेजवर सोपवला जातो. चांगले म्हणजे महाग की जाड, या गोंधळात मूळ प्रश्न बाजूला राहतो. वास्तविक घरच्या गाडीला महागड्या ऑइलपेक्षा योग्य ग्रेडचे आणि वेळेवर बदललेले ऑइल लागते. ते ओळखणे अवघड नाही.

किलोमीटर कमी, तरी इंजिन थकलेले कसे?

गाडीचा मीटर किलोमीटर मोजतो. ऑइल मात्र इंजिन किती तास चालले त्यानुसार झिजते. समजा, एखादी गाडी महामार्गावर ताशी ४५ किलोमीटरच्या सरासरीने ३,००० किलोमीटर धावली, तर इंजिन सुमारे ६७ तास चालले. तेवढेच अंतर एलबीएस मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने कापले, तर इंजिन २०० तास चालले. मीटरवर आकडा एकच, पण ऑइलने काढलेले कष्ट तिप्पट.

त्यात थंड होण्याचा प्रश्न आहे. साध्या एअर-कूल्ड मोटारसायकलचे इंजिन धावताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते. सिग्नलला गाडी उभी राहिली की वारा थांबतो, उष्णता मात्र तयार होतच राहते. बहुतेक एअर-कूल्ड स्कूटरना इंजिनला वारा घालणारा पंखा असतो, त्यामुळे त्यांची स्थिती थोडी बरी.

याच्या अगदी उलट त्रास घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला होतो. मुलुंड किंवा बोरिवलीत दीड-दोन किलोमीटर जाऊन दिवसभर उभी राहणारी स्कूटर ‘कमी वापरलेली’ वाटते. पण इतक्या अंतरात ऑइल पुरेसे तापत नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते आणि उडून न जाता तिथेच साचते. म्हणजे एक गाडी जास्त तापून ऑइल बिघडवते, दुसरी पुरेशी न तापून. दोन्ही वापर इंजिनासाठी कठीणच. अनेक मॅन्युअलांत धूळ, ओले रस्ते, सततची थांबत-थांबत चाल यांसाठी सर्व्हिसिंग लवकर करावे, अशी सूचना असते. उपनगरातला रोजचा प्रवास नेमका त्याच वर्णनाचा आहे.

डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू-३०’चा अर्थ काय?

हे आकडे अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या श्रेणीचे आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते ते. ३०पेक्षा ४० घट्ट आणि ४०पेक्षा ५० घट्ट. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. मुंबईत अशी थंडी कधी पडत नाही. तरीही सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू होताना पातळ ऑइल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते, म्हणून पहिला आकडा अगदीच निरुपयोगी नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या आकड्यावर. ‘ट्रॅफिकची गाडी आहे, जाड टाका,’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. एकेकाळी २०डब्ल्यू-४० हे जवळपास सगळ्याच दुचाकींचे ऑइल होते, त्यातून ही सवय आली. हा सल्ला अगदी निराधारही नाही. पिस्टन रिंग झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या जुन्या गाडीत घट्ट ऑइल काही काळ खप कमी करते. पण १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांना १०डब्ल्यू-३० सांगितले आहे, त्यांचा ऑइल पंप आणि ऑइलच्या वाटा त्याच ऑइलचा हिशेब करून केलेल्या असतात. त्यात जाड ऑइल ओतले तर अ‍ॅव्हरेज घटते आणि सुरुवातीच्या क्षणांत वंगण उशिरा पोहोचते. उलट रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना कंपनीच १५डब्ल्यू-५० सांगते. त्यांच्यासाठी तेच बरोबर. म्हणजे जाड चांगले किंवा पातळ वाईट असा नियम नाही. गाडी बनवणाऱ्याने जे सांगितले आहे, ते योग्य.

‘एमए’ आणि ‘एमबी’ पाहणे इतके महत्त्वाचे का?

डब्यावर दुसरी खूण असते ‘जासो’ची. जपानमध्ये १९९८ साली दुचाकींच्या ऑइलसाठी हे मानक आले. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट हे सगळे एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच पकड घेतो तो घर्षणावर. ऑइल फार निसरडे असेल तर क्लच घसरतो. इंजिन ओरडते, गाडी मात्र ओढत नाही आणि घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या चढावर डबलसीट जाताना ते लगेच जाणवते. म्हणून मोटारसायकलला ‘एमए’ किंवा त्याचाच जास्त पकडीचा उपप्रकार ‘एमए२’ लागतो.

गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि ऑइलपासून वेगळा असतो. त्यामुळे तिथे निसरडे ‘एमबी’ ऑइल चालते आणि त्याने इंधन थोडे वाचते. अ‍ॅक्टिव्हाला होंडा १०डब्ल्यू-३० एमबी सांगते, तर स्प्लेंडरला हिरो १०डब्ल्यू-३० एमए. ग्रेड एकच, अक्षर वेगळे. स्कूटरमध्ये चुकून एमए पडले तर फार तर अ‍ॅव्हरेज थोडे घटेल. मोटारसायकलमध्ये एमबी पडले तर क्लचचे काम निघू शकते. ज्या घरात नवऱ्याची मोटारसायकल आणि बायकोची स्कूटर एकाच दिवशी एकाच गॅरेजमध्ये जाते, तिथे हे अक्षर वाचून घ्यायलाच हवे. चारचाकीसाठी आणलेले उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतणे ही तर उघड चूक. त्यातील इंधन वाचवणारी रसायने ओल्या क्लचसाठी नसतात.

मग सिंथेटिकचे पैसे वाया जातात का?

नाही, पण त्यांची जागा ओळखावी. सिंथेटिक ऑइल जास्त तापमानात टिकते आणि लवकर जळत नाही. मोटारसायकलच्या गिअरचे दात ऑइलमधील घट्टपणा टिकवणारे लांब रेणू अक्षरशः चिरडतात. काही हजार किलोमीटरनंतर गिअर खडखडू लागतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते. दररोज दोन-तीन तास कोंडीत, वर आठवड्याला घाट, अशा मोटारसायकलला योग्य ग्रेडचे सिंथेटिक घालण्यात अर्थ आहे. पण महाग ऑइल घातले म्हणून दुप्पट काळ चालवायचे, हा हिशेब फसतो. पेट्रोल, पाणी आणि काजळी महागड्या ऑइलमध्येही तेवढीच मिसळते. साधे ऑइल वेळेवर बदललेले बरे, सिंथेटिक वर्षभर विसरलेले नको.

कधी बदलायचे, कसे तपासायचे?

मॅन्युअलमधील किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी येईल ते. रोज कोंडीत राबणाऱ्या गाडीसाठी त्याच्याही थोडे आधी. कमी फिरणाऱ्या स्कूटरने किलोमीटर विसरून महिने पाळावेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे पातळी. अनेक स्कूटरमध्ये जेमतेम पाऊण-एक लिटर ऑइल असते. त्यातले २०० मिलिलिटर जळून गेले तर पाचवा-चौथा हिस्सा संपला. मधल्या काळात कुणी पाहत नाही आणि एक दिवस इंजिन जाम होते. ऑइलच्या बाटलीच्या तुलनेत बोअर-पिस्टनचा खर्च कितीतरी पट. हप्ते चालू असलेल्या घराला तो परवडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ती फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीनुसार बदलते.

काळे पडलेले ऑइल म्हणजे खराब, हा समजही तपासून घ्यावा. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे ते काळे होणारच. घाबरायचे ते दुधाळ रंगाला. अंधेरी सबवेसारख्या सखल जागी पाणी भरल्यावर गाडी बुडाली आणि ऑइल चहासारखे दिसू लागले, तर पाणी आत गेले आहे. अशा वेळी सेल्फ मारूच नये. गाडी ढकलत गॅरेजला न्यावी आणि आधी ऑइल काढून टाकायला सांगावे.

बनावट ऑइल आणि जुन्या ऑइलचे काय?

बाटली डोळ्यांसमोर उघडून घ्यावी, सीलसह. रिकामी बाटली सोडून न देता तिला भोक पाडावे किंवा ती कापावी. चांगल्या कंपनीची अखंड बाटली बनावट मालवाल्याला हवीच असते.

काढलेले ऑइल हा तर सगळ्यांचाच प्रश्न. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकणारे नियम लागू झाले. कागदावर व्यवस्था आहे. पण रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ट्रेमधले ऑइल गटारात गेले, तर ते नाल्यातून मिठी नदी किंवा खाडीत पोहोचते. जुने ऑइल पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देणारे गॅरेज निवडणे, एवढे ग्राहकाच्या हातात नक्कीच आहे.

जबाबदारी नक्की कोणाची?

दोष एकट्या मेकॅनिकला देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. दिवसाला वीस गाड्या पाहणाऱ्या माणसाकडे चार प्रकारचे ऑइल ठेवायला जागा आणि भांडवल असेलच असे नाही. बदल तीन ठिकाणी हवा. वाहन कंपन्यांनी ग्रेड आणि जासोचे अक्षर ऑइलच्या झाकणाजवळ, ठळक आणि मराठीत लिहावे, कारण मॅन्युअल कपाटात असते आणि गाडी गॅरेजमध्ये. ऑइल कंपन्यांनी डब्यावर शर्यतीच्या गाड्यांची चित्रे छापताना ‘गिअरवाली’ की ‘बिनगिअरची’ हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावे. कॅस्ट्रॉल इंडिया आणि गल्फ ऑइल ल्युब्रिकंट्स या दोन कंपन्यांची मुख्यालये अंधेरी पूर्वेतच आहेत. आसपासच्या गॅरेजवाल्यांना याचे प्रशिक्षण देण्यासाठी त्यांना लांब जावे लागणार नाही. आणि गॅरेजने बिलावर नुसते ‘ऑइल चेंज’ न लिहिता ग्रेड, जासो खूण, मिलिलिटर आणि मीटरचा आकडा लिहावा.

ग्राहकानेही एक काम करावे. मॅन्युअलमधील ऑइलच्या त्या ओळीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पुढच्या वेळी ‘चांगलं ऑइल टाका’ म्हणण्याऐवजी तो फोटो पुढे करावा. वाद होणार नाही आणि ऑइलही चुकणार नाही.