मेगापिक्सेल मोजता, मग अपडेटची वर्षे का नाही?

नवा फोन घेताना पहिली चौकशी होते कॅमेऱ्याची. पण १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ‘८ जीबी अधिक ८ जीबी’ रॅममधली दुसरी ८ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. तिला खऱ्या रॅमचा वेग नसतो.

खरा महत्त्वाचा आकडा जाहिरातीत सहसा दिसत नाही. तो म्हणजे सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार. यूपीआय, बँकेचे ॲप, ओटीपी सगळे याच फोनवर असते. अपडेट थांबले की नव्याने सापडलेल्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. गुगलने २०२३मध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४ला सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. स्वस्त फोनना सहसा इतकी वर्षे मिळत नाहीत. शिवाय ही मुदत बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, खरेदीपासून नव्हे. त्यामुळे सेलमधल्या जुन्या मॉडेलची काही वर्षे आधीच संपलेली असतात.

हिशेब सोपा आहे. १५ हजारांच्या फोनला तीन वर्षे अपडेट उरले असतील, तर वर्षाला ५ हजार पडतात. २० हजारांच्या फोनला पाच वर्षे असतील, तर ४ हजार. महाग दिसणारा फोनच इथे स्वस्त ठरतो.