दाव्याच्या टोकाला बांधलेले बालपण

वसुबारसेला आपण गाईची पूजा करतो ती वासरासह. सवत्स धेनूचा मान मोठा. कित्येक घरांत त्या दिवशी गाईचे दूधही वर्ज्य असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र आपल्या बोलण्यात फक्त गाय राहते. दुधाचा भाव, फॅट, पेंडीचे दर यांवर चर्चा झडतात. वासरू कुठे असते, दिवस कसा काढते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

दूधपट्ट्यातल्या अनेक गोठ्यांत धारेच्या गाईंना पुढची, हवेशीर जागा असते आणि वासरू मागच्या कोपऱ्यात आखूड दाव्याला असते. दोन वेळा बादलीतले दूध पिऊन झाले की त्याला करण्यासारखे काही उरत नाही. मग ते भिंत चाटते, दावे चघळते, शेजारच्या वासराचा कान चोखते. मालक म्हणतो, "खोड आहे त्याची." वास्तविक ती खोड नव्हे. चोखण्याची ऊर्मी पोट भरल्यावरही काही मिनिटे टिकते. बादलीतले दूध क्षणात संपते; ऊर्मी तशीच राहते.

पूर्वी असे नव्हते, आणि त्याचे कारण केवळ भूतदया नव्हती. देशी गाय वासरू लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नसे. त्यामुळे गोठ्यात वासराला कामही होते आणि जागाही होती. दिवसा गावची वासरे गुराख्यामागे गायरानावर जात. तिथे सोबत होती, हुंदडायला माळ होता, मान घासायला बाभळीचे खोड होते. पुढे संकरित गाय आली. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' उभी केली, 1970 मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले, आणि दुधाच्या पैशावर हजारो घरांत चूल पेटली. ते ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित गाय वासरावाचूनही दूध देते. वासराचे कामच गेले. गायराने आक्रसली, तसा माळही गेला.

माझी नोकरी बँकेतली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळापासून दुभत्या जनावरांच्या कर्जाची प्रकरणे मी वाचत आलो. त्यांत गाईची किंमत असे, विमा असे, चाऱ्याचा खर्च असे, भाकड काळाचा हिशेब असे. वासराला किती जागा आणि कुणाची सोबत, याचा रकाना मी कधी पाहिला नाही. आजची कालवड दोन-अडीच वर्षांनी गाय होणार आणि तिच्याच दुधावर पुढचे हप्ते फिटणार, हे मात्र सारेच गृहीत धरतात.

सोबत ही चैन नव्हे, याला आता आधार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रंगाचा पडदा दिसला की दूध मिळते, हे त्यांनी वासरांना शिकवले आणि मग नियम उलटा केला. सोबतीने वाढलेल्या वासरांना हा बदल लवकर उमगला. एकेकटी ठेवलेली मागे पडली. नवी वस्तू ठेवली, तर तिचीही सवय एकट्या वासरांना होईना. जोडीने वाढलेली वासरे खुराकही लवकर खाऊ लागतात, असेही अभ्यासांत आढळले आहे. युरोपीय संघात आठ आठवड्यांवरील वासराला, पशुवैद्याने सांगितल्याशिवाय, एकटे कोंडता येत नाही. दाव्याला बांधण्यासही तिथे मनाई आहे. गटातल्या वासरांना दूध पाजताना तासाभराची तेवढी सूट.

आपला कायदाही अगदी मुका नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवाजवी आखूड दाव्याला अवाजवी काळ जनावर बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. पण या कामी पोलीस पाठवून काय होणार? गोठेवाल्याला पटले पाहिजे.

त्याची अडचण खोटी नाही. वासरे एकत्र ठेवली तर हगवण पसरते, असे तो म्हणतो. म्हणूनच आजारी वासरू वेगळे काढावे, जागा कोरडी व हवेशीर असावी, जोडी एकाच वयाची असावी. चीक आधी वासराला, पहिल्या काही तासांत आणि पोटभर; खरवस त्यानंतर. "एकच वासरू आहे, जोडी कुठून आणू?" असेही तो विचारील. मग दावे लांब करावे, जागा आईच्या जिभेच्या टप्प्यात द्यावी, रोज थोडा वेळ अंगणात मोकळे सोडावे.

बाकीच्या गोष्टींना कर्जही लागत नाही. बांबूचे कुंपण घातलेली मोकळी जागा, दुधाच्या बादलीला रबरी बोंडी, चघळायला टांगलेली वाळल्या गवताची पेंढी, खांबाला घट्ट बांधलेला काथ्याचा ब्रश. मुक्त संचार गोठा आता अनेक शेतकऱ्यांनी गाईंसाठी स्वीकारला आहे; त्याचाच एक कोपरा वासरांना द्यायचा. यात नवे असे काय आहे? माळ, बाभळीचे खोड आणि सवंगडी गावाने वासराला फुकट दिले होते. तेच थोडेसे परत करायचे.

गोऱ्ह्याचा प्रश्न याहून कडू आहे. कालवडीला निदान उद्याची किंमत आहे. ट्रॅक्टरच्या जमान्यात संकरित गोऱ्ह्याला तीही नाही. म्हणूनच सारा युक्तिवाद नफ्यावर उभा करणे मला धोक्याचे वाटते. ब्रशाने दूध किती वाढेल, असे कुणी विचारले तर माझ्याकडे आकडा नाही. पोट भरल्यावर शेपूट उंचावून चार उड्या मारणे ही वासराची गरज आहे, एवढे कारण मला पुरते.

आपण शहरातले लोक पिशवी कापून दूध पातेल्यात ओततो. ते दूध मुळात ज्याच्यासाठी आले, त्याला एक सोबती आणि चार पावले मोकळी जागा मिळावी, ही मागणी फार मोठी नाही. बँकांनी आणि दूध संघांनी गोठ्याच्या आराखड्यात वासराचा रकाना घातला, तर ती बऱ्याच अंशी पुरी होईल.