पिकअपमधली सहल महागात पडते. डोंगरातला मुक्काम हिशेबाने निवडा

ईद झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या भागातून अनेक कुटुंबे सहलीला निघतात. वर्षभर दुकान, गॅरेज किंवा शिलाईचे मशीन न सोडणाऱ्या माणसाला बायकामुलांसाठी एवढेच दोन-तीन दिवस मिळतात. त्यामुळे सहलीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो सहल ठरवण्याच्या पद्धतीचा.

आपल्याकडे आधी लांबचे नामांकित ठिकाण ठरते. मग भाड्याच्या गाडीचा दर विचारला जातो. आकडा ऐकला की मालक म्हणतो, "घरचा पिकअप उभाच आहे, तोच काढू." मागे सतरंजी अंथरली, वर ताडपत्री ओढली, गॅसची टाकी आणि पातेली ठेवली, की पंधरा माणसांचे फिरते घर तयार! शंभर रुपयांच्या मालाला दहा ठिकाणी भाव विचारणारा व्यापारी इथे मात्र हिशेब विसरतो.

मालवाहू गाडीचा विमा मालासाठी आणि मालाशी संबंधित माणसांसाठी असतो. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आणि गाडीवरचे नोकर यांची त्यात सोय आहे. सहलीला निघालेल्या पाहुण्यांची नाही. मालगाडीत बसवलेल्या अशा प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे घाटात गाडी उलटली, तर जखमींचा खर्च आणि दाव्याची रक्कम गाडीमालकाच्या अंगावर येते. दावा लावणारेही परके नसतात. मेहुण्याचे किंवा चुलत भावाचेच घर असते. एका अपघातात दुकान जाते आणि नातेही जाते. गाडीभाड्यात वाचवलेल्या चार-पाच हजारांची ही किंमत आहे.

यावर उपाय एकच. आधी मुक्काम जवळचा निवडावा, म्हणजे रीतसर परवान्याची प्रवासी गाडी परवडते. भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरवर असतो, शिवाय चालकाचा रात्रीचा भत्ता वेगळा. तीर्थपुरीहून म्हैसमाळला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता पडतो. भंडारदऱ्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि चिखलदऱ्याला दुपटीहून अधिक. जेवढे किलोमीटर वाढतात, तेवढा मोह पिकअपकडे वळतो आणि चालकाची झोपही तेवढीच उडते.

कोणी म्हणेल, जवळच्या डोंगरात गारवा कुठला? उंची वाढली की तापमान उतरते, आणि हजार मीटरला साधारण सहा अंश हा ढोबळ हिशेब आहे. गोदाकाठचा आपला मुलूख चार-पाचशे मीटरवर, तर म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडे वर आहे. म्हणजे तीन-चार अंशांचा फरक घराजवळच मिळतो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथली झाडी आणि दऱ्या मोठ्या आहेत यात शंका नाही. पण केवळ गारव्यासाठी दुप्पट रस्ता तुडवावा, एवढा फरक उंचीत नाही.

शिवाय म्हैसमाळ खुलताबादपासून बारा-तेरा किलोमीटरवर. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांमुळे खुलताबाद आपल्या लोकांना परके नाही. माझे मत असे, की लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर रात्री खुलताबादच्या पायथ्याशी राहावे आणि पहाटे डोंगरावर जावे. बाजार, दवाखाना, दूध, सगळे हाताशी राहते. वेरूळ वाटेवरच आहे. मात्र तिथली लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

उघड्यावर तंबूतच राहायचे असेल, तर देखावा शेवटी पाहावा. पाणी आधी पाहावे. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर पाण्याची ओढ असते, म्हणून टाकी किती माणसांना पुरते हे विचारून घ्यावे. संडासाला दार आहे का, दाराला कडी आहे का, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का, हे घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय जागा पक्की करू नये. पुरुष सकाळी पाहून परत येतात, त्रास रात्री बायकांना होतो. गाडी सपाट जागी लागावी. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याच्या पायथ्याशी लावू नये. स्वयंपाक तंबूबाहेर करावा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. त्या धुराला वास नसला तरी तो झोपेत जीव घेतो. चिखलदऱ्याकडे मेळघाटच्या अभयारण्यात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही, हेही माहीत असावे. आगाऊ रक्कम दिली तर पावती घ्यावी. मालाची घेतो, मग इथे लाज कसली?

ऋतूचाही विचार हवा. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२५ साली रमजान ईद मार्चअखेरीस होती. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या आरंभी येईल. तेव्हा डोंगरावर रात्री कडाक्याची थंडी असेल आणि उन्हाळ्याच्या सवयीने नेलेल्या चादरी पुरणार नाहीत.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी आणि तिला पाणी, वीज, स्वच्छतागृह पुरवणारा तळ, अशी ती कल्पना. आपल्यातले कितीतरी जण गाड्यांची बॉडी बांधतात, गाद्या शिवतात, वायरिंग करतात. त्यांनी या धंद्याकडे लक्ष द्यावे. परंतु धोरणाचा खरा धडा सर्वांसाठी आहे: फिरत्या घराला नुसती चाके पुरत नाहीत, थांबायला नीट जागा लागते आणि गाडी त्याच कामासाठी नोंदलेली असावी लागते.

व्यापारी बंधूंनी सहलीच्या आधी घरात बसून एका कागदावर तीन आकडे लिहावेत: एकूण किलोमीटर, माणसे, आणि गाडीच्या परवान्यावरच्या जागा. माणसे जागांपेक्षा जास्त भरत असतील, तर दुसरी गाडी करावी किंवा ठिकाण जवळचे घ्यावे. पिकअप दुकानासमोरच उभा राहू द्या. सुट्टी संपल्यावर त्याच्यावरच तर पुढचे वर्ष काढायचे आहे.