रेड्याचे वजन आणि लेकींचे दूध

पानिपत म्हटले की मराठी माणसाला 1761 आठवते. पशुपालकांना मात्र त्याच जिल्ह्यातील डिडवाडी हे गाव आठवते. तेथील नरेंद्र सिंह यांना पशुपालनातील कार्यासाठी 2019 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांचा ‘घोलू-2’ हा मुऱ्हा रेडा प्रदर्शनांतून देशभर गाजला. अशा रेड्यांच्या बातम्यांत वजन, खुराक आणि कोट्यवधींची किंमत ठळक छापली जाते. आनुवंशशास्त्राला हवा असलेला आकडा मात्र त्यांत क्वचितच सापडतो: त्या रेड्याच्या लेकी दूध किती देतात?

तुलनेसाठी महाकाय भोपळ्याकडे पाहता येईल. कॅनडातील हॉवर्ड डिल यांनी निवडक संकरातून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण घडवले. 1981 साली त्यांचा विक्रमी भोपळा सुमारे 224 किलोंचा होता; 2023 साली अमेरिकेत 1,247 किलोंचा भोपळा तोलला गेला. बेचाळीस वर्षांत साडेपाचपट! यात खत-पाण्याचा वाटा मोठा आहेच. पण निवडीचे काम तेथे सोपेही आहे. जो गुण हवा तो फळावरच तोलता येतो, दरवर्षी नवी पिढी मिळते आणि बियांची ओळख वजन, उत्पादक व वर्ष यांवरून ठेवली जाते. वंशावळ उघडी असते.

रेड्याच्या बाबतीत यातले काहीच सोपे नाही. निवडीचे मूळ सूत्र असे: पुढील पिढीतील वाढ म्हणजे निवडलेल्या आईबापांचे सरासरीहून अधिक्य गुणिले आनुवंशिकता. समजा, आईबाप कळपाच्या सरासरीहून 100 किलोंनी भारी आहेत आणि आनुवंशिकता 0.3 आहे, तर संततीला सरासरी 30 किलोच मिळतील. उरलेल्या 70 मध्ये खुराक, निगा आणि पुढे न टिकणारे जनुकांचे जुळणे यांचा वाटा असतो. बदाम आणि तूप खाऊन चढलेले मांस वीर्याच्या कांडीतून पुढे जात नाही.

शिवाय रेडा स्वतः दूध देत नाही. त्याचे वीर्य गोळा होईपर्यंत सुमारे तीन वर्षे, मग दहा महिन्यांचा गाभणकाळ, लेक विते ती साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर आणि त्यानंतर 305 दिवसांचे वेत. खरा निकाल लागायला आठ-नऊ वर्षे जातात. प्रदर्शनातील पुष्पहार एका दिवसात मिळतो.

एकाच नामांकित नरावर विसंबण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. 1962 साली जन्मलेल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूला 16,000 लेकी झाल्या. त्याने दूध वाढवले, हे खरे. पण त्याच्यातील एक घातक उत्परिवर्तनही जगभर पसरले. आईबाप दोघांकडून ते आल्यास गर्भ दगावतो. अशा गर्भपातांची संख्या पाच लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे.

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिम येथे गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले. वासराच्या डीएनएवरून त्याची गुणवत्ता लहानपणीच ताडण्याचे हे साधन आहे. परंतु चिप केवळ जनुकीय खुणा वाचते. कोणती खूण दुधाशी निगडित आहे, हे तिला हजारो म्हशींच्या दूधनोंदीच शिकवू शकतात. नोंदवहीच कोरी असेल, तर चिप मुकी राहील.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न निकडीचा आहे. पंढरपुरी, नागपुरी आणि मराठवाडी या आपल्या म्हशी इथल्या उन्हाला आणि चाऱ्याला सरावलेल्या आहेत. सतत मुऱ्ह्याशी संकर केल्यास चार पिढ्यांत मूळ वंशाचा अंश सोळाव्या हिश्श्यावर येतो. ही अदलाबदल फायद्याची की तोट्याची, हे रेड्याच्या छातीचा घेर सांगू शकत नाही.

म्हणून वीर्याची कांडी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने एकच प्रश्न धरून ठेवावा: लेकींची नोंद दाखवा. विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनीही तोच विचारावा.