चेहरा त्याचा, आवाज कुणाचा?



युरोपचा 'कलात्मक' सिनेमा बघायला आपण जरा दबूनच जातो. फिल्म सोसायटीचा अंधार, शेजारी जाणकार मंडळी, पडद्याखाली धावणाऱ्या ओळी. कळलं नाही तरी मान हलवायची. मीही हलवलीय. आता पुरे. त्या पडद्याला मी एकच सवाल टाकणार आहे : इथं बोलतंय कोण?

फासबिंडरचा 'आली : फिअर ईट्स द सोल' घ्या. साल १९७४. म्युनिकमधली साठीची विधवा एमी झाडलोट करून पोट भरते. मोरोक्कोहून आलेल्या, तिच्याहून कितीतरी तरुण कामगाराशी ती लग्न लावते. शेजारीपाजारी, पोटची पोरं, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे तिला वाळीत टाकतात. गरज पडली की तेच गोड बोलू लागतात. मग एमीच आपल्या मैत्रिणींना नवऱ्याचे दंड चाचपू देते. बाजारात बैल दाखवावा तसा! शेवटी तो अल्सरनं कोसळतो, आणि डॉक्टर सांगतो, परदेशी कामगारांना हे नेहमीचंच.

सिनेमा मोठा आहे. ते मी नाकारत नाही. पण आलीचं काम करणारा एल हेदी बेन सालेम हा माणूस खराच मोरोक्कोचा, आणि पडद्यावर ऐकू येणारा आवाज त्याचा नाही. दुसऱ्या नटानं डब केलेला! च्यायला, परक्याचं मोडकं जर्मनसुद्धा परक्याला बोलू दिलं नाही.

कुणी म्हणेल, मग यांनी स्वतःच कॅमेरा का उचलला नाही? उचलू दिला का? १९३४ च्या फर्मानानं फ्रान्सनं आपल्या आफ्रिकी वसाहतींत परवानगीशिवाय चित्रीकरण करायला बंदी घातली. म्हणून पोलँ व्हिएरा आणि त्याच्या साथीदारांनी १९५५ साली आफ्रिकी माणसाचा सिनेमा काढला तो पॅरिसच्या रस्त्यांवर.

सेनेगलचा उस्मान सेम्बेन मार्सेच्या गोदीत हमाली केलेला माणूस. त्याचा 'ब्लॅक गर्ल' १९६६ चा. डाकारची दिओआना मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सला जाते आणि तिथं मोलकरीण होऊन बसते. मालकांपुढं 'हो मॅडम, हो साहेब' एवढंच. मनातल्या मनात मात्र ती सिनेमाभर बोलत राहते. शेवटी जीव देते. मालक तिचा पगार घेऊन तिच्या आईकडं जातो. आई पैशाला हात लावत नाही. तो नकार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता खरं तेही सांगतो. दिओआनाचा आवाजसुद्धा त्या नटीचा नव्हता. हैतीच्या तोतो बिसाँत या गायिकेनं तो दिला. म्हणजे सवाल नुसत्या गळ्याचा नाही. गळ्यातून काय निघणार हे ठरवतो कोण, त्याचा आहे. आलीला मनातलं बोलायला जागाच ठेवलेली नाही. दिओआनाला आहे, कारण कागदावर शब्द सेम्बेनचे होते.

मॉरिटानियाच्या मेद होन्दोनं १९७० साली तुटपुंज्या पैशात, पॅरिसमधल्या काळ्या मजुरांच्या जिण्यावर 'सोलेय ओ' काढला. पुढं फ्रान्समध्ये एडी मर्फी फ्रेंच बोलू लागला तो होन्दोच्या आवाजात. गळा भाड्यानं दिला, पण स्वतःचे सिनेमे काढायचं सोडलं नाही.

आणि आज? २०१८ साली फ्रान्समधल्या सोळा कृष्णवर्णीय नट्यांना पुस्तक काढून बजावावं लागलं की काळी असणं हा आमचा पेशा नाही. २०१९ साली मती दिओप कानच्या मुख्य स्पर्धेतली पहिली कृष्णवर्णीय दिग्दर्शिका ठरली. महोत्सव होता ७२ वा! पाच वर्षांनी बर्लिनचं सुवर्ण अस्वल तिच्या 'दाहोमे'ला मिळालं. फ्रान्सनं लुटून नेलेल्या २६ वस्तू २०२१ साली बेनिनला परत गेल्या, त्याचा हा सिनेमा. त्यात खोक्यात बंद केलेला पुतळा बोलतो. फ्रेंच नाही, फॉन भाषेत. आपल्याला २६ नंबर दिला याचा त्याला राग आहे.

लाकडाच्या पुतळ्यालाही आपलं नाव हवंय. तेव्हा पडद्यावर काळा चेहरा दिसला म्हणून टाळ्या वाजवू नका. शब्द कुणी लिहिले, कॅमेरा कुणाच्या हातात होता, ते आधी विचारा.